पाय दाखवायची पायरी

व्हिडिओ माझ्या मुलाने दाखवला. जुळे सोलापुरात आमच्या बिल्डिंगला रोज पाणी येत नाही, आणि येतं त्या दिवशी घरातले सगळे बादल्या, ड्रम, पिंप भरताना एकमेकांवर खेकसत असतात. मी पिंपाच्या तोंडाला फडकं बांधत होतो. मी आयुष्यभर ते बांधत आलो आहे, आणि घरात एवढा महागाचा फिल्टर असताना हे कशाला, म्हणून सूनबाई लग्न झाल्यापासून तोंड वाकडं करत आली आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तुमचं जुनं गाव ना, नोकरीचं?" आणि त्याने मोबाइल माझ्या नाकापुढे धरला.

पडद्यावर एक विहीर होती. एकसारखे टी-शर्ट घातलेली वीस-पंचवीस मुलं पहारींनी तिचा कठडा फोडत होती. मागून एक पोरगा मोठ्या आवेशात सांगत होता, की ही आपल्या पूर्वजांची पायऱ्यांची विहीर, मधल्या काळात कुणा अडाण्यांनी आडवी भिंत घालून, पायऱ्या मुरमाने बुजवून तिचा सत्यानाश केला, आणि आता आम्ही तिला पुन्हा मोकळी करतो आहोत.

अडाणी म्हणजे मी. ती भिंत मी घालून घेतली होती. त्यासाठी त्या गावात तीन वर्षं चपला झिजवल्या होत्या.

व्हिडिओ संपत आला तेव्हा मुलं एकदम थांबली. फुटलेल्या कठड्याच्या पोटातून सात गुळगुळीत काळे दगड दिसत होते, एका ओळीत मांडल्यासारखे. कुणीतरी बाई ओरडली, "अगं बाई, आसरा." पहारी खाली टाकून सगळे वाकले. मी मोबाइल परत दिला आणि फडक्याची गाठ मारायला वळलो.

ते दगड तिथं कसे आले हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक गवंडी, तो कधीच वारला. दुसरा मी. आणि ज्या बाईला ते पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, ती म्हातारी अजून त्या विहिरीशेजारी राहत होती. मी तिला खोटं सांगितलं होतं आणि पुढची सगळी वर्षं ते खोटं तसंच ठेवलं होतं.

गाव मंगळवेढ्याच्या पलीकडे आहे, नाव सांगत नाही. नोकरी लागली तेव्हा मी पंचविशीच्या आत होतो. कागदावर मी आरोग्य सेवक. गावात मला नारूवाला म्हणायचे, जसा कल्हईवाला तसा नारूवाला. आता नारू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. खरं तर हेच माझ्या आयुष्यातलं एकमेव मोठं यश आहे, आणि त्याची कुणाला दखल नाही याची मला चीड येते. कुणाला वाटेल म्हाताऱ्याला सत्कार हवा आहे. हवा होता, का नको?

तर नारू. साठलेल्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारा एक किडा असतो, त्याच्या पोटात नारूची पिल्लं असतात. असं पाणी माणूस पितो आणि त्याला काहीच होत नाही. वर्षभराने पायाला फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं बाहेर काढतो. हातभर लांब असतो. तो ओढायचा नाही. काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा, आठवडेच्या आठवडे. मध्येच तुटला तर पाय सुजतो, पिकतो, कधी सांधा कायमचा आखडतो. ज्वारीची काढणी आटपते न आटपते तोच त्या गावात घरटी एखादा माणूस ओसरीवर पाय पसरून, पायाला काडी बांधून बसलेला दिसायचा.

फोडाची आग थांबवायला माणूस पाय पाण्यात घालतो, आणि पाय पाण्यात गेला की तो जंत आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पुन्हा किडा, पुन्हा घागर, पुन्हा पुढच्या वर्षी फोड. पायाचं पाणी आणि पिण्याचं पाणी एकमेकांपासून तोडलं की नारू संपला. त्याला गोळी नाही, लस नाही. विहिरीत अधूनमधून औषध टाकायचं, पाणी दुहेरी फडक्याने गाळायचं, आणि जिथं माणूस पायऱ्यांनी पाण्यात उतरतो तिथं भिंत घालून वरून रहाटाने पाणी ओढायचं. एवढंच काम. शिकवायला अर्धा तास पुरतो.

पण त्या गावात पाय पाण्यात घालणं ही नुसती सवय नव्हती, ते देवाचं काम होतं. विहिरीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर साती आसरा होत्या, पाण्यातल्या सात देवी, म्हणजे सात काळे दगड. उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी ते दगड ओले असायचे. पायाला फोड आला म्हणजे आसरा रागावल्या, असं गाव मानायचं. मग तो माणूस पळसाच्या पानावर दहीभात घेऊन खाली उतरायचा आणि फोडाचा पाय दगडांसमोर पाण्यात धरून बसायचा, आग निवेपर्यंत. याला पाय दाखवणं म्हणायचे. "दाखवलास का पाय?" हे तिथं एकमेकांना सहज विचारायचे. आणि पाय दाखवला की आग थांबायचीच. थंड पाण्यात कुठली आग राहते? देवी पावली म्हणून सगळे खूश, आणि त्याच पायरीवर बायका घागरी बुडवायच्या.

विहिरीपासून दहा पावलांवर त्या बाईचं घर होतं. मी तिला मावशी म्हणायचो. तेव्हा ती चाळिशीची असेल. नवरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. आसरांचं करणं सासूकडून तिच्याकडे आलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती खाली उतरून दगडांवर पाणी घालायची, हळदकुंकू वाहायची. कुणाला पाय दाखवायचा असला तर तिला हाक मारायचे, आणि ती पुढे होऊन त्या माणसाचा पाय स्वतःच्या हाताने पाण्यात धरायची. म्हणजे माझ्या हिशेबाने त्या गावातल्या नारूला हातभार लावणारं सर्वांत कष्टाळू माणूस ती होती. मी तेव्हा असाच विचार करायचो. कमीत कमी शब्दांत सांगायचं तर मी आगाऊ होतो.

ती माझ्याशी भांडली नाही, ऐकूनही घेतलं नाही. "बोल की, बोलाय कुटं पैसं पडत्यात," म्हणायची आणि ताकाचा पेला पुढे करायची. मग एका वर्षी तिच्या नऊ-दहा वर्षांच्या लेकीच्या गुडघ्याला नारू आला. जंत अर्धा बाहेर आला असताना तुटला. गुडघा सुजला, पिकला, मंगळवेढ्याला नेऊन फाडावा लागला, आणि बरा झाला तो वाकेनासा होऊन. त्या दिवसांत मी एकदा विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन मावशीच्या दारात उन्हात धरलं. आत पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. तिने ग्लास हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, पुष्कळ वेळ बघितला.

"हे पोरीनं पिलं?"

"व्हय, मावशी."

"मीच आनून दिलं की," ती म्हणाली. ग्लास खाली ठेवला आणि आत निघून गेली. त्या दिवशी ताक मिळालं नाही.

त्यानंतर तिच्या घरच्या घागरीवर दुहेरी फडकं चढलं ते कधी उतरलं नाही. पण भिंतीचा प्रश्न गावाचा होता. चावडीपुढे बैठक झाली. एक म्हातारा उठून म्हणाला, की हा नारूवाला देवीची वाट बांधायला निघालाय, गावाचं वाटोळं होईल. माना डोलायला लागल्या. तेव्हा बायकांमधून मावशी उभी राहिली. "वाट देवीची, पर त्या वाटंनं रोज मी उतरते. माझी हरकत न्हाय. बांदू द्या भित." एवढंच बोलली आणि बसली. तिच्यानंतर कुणी बोललं नाही. माझ्या तीन वर्षांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते तिच्या तीन वाक्यांनी झालं. हे मी नंतर कुठल्याही अहवालात लिहिलं नाही.

बैठक उठल्यावर ती माझ्याकडे आली. "माझं एक हाय. भित चढायच्या आदी माझ्या आसरा वर काढून दे. तुझ्या हातानं दे. मी हितं वर वट्यावर मांडते. त्यांला ऊन लागंल, पर चालंल."

"देतो की, मावशी," मी म्हणालो.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर काम निघालं. इंजिन लावून उरलेलं पाणी उपसलं. गवंडी अक्कलकोटकडचा होता, कमी बोलायचा, काम चोख. भिंत उठायला लागली, तिच्यामागे पायऱ्यांवर मुरूम पडायला लागला. सगळ्यात खालची पायरी भिंतीच्या पुढे, विहिरीच्या बाजूला राहिली होती, पण उपशात ती गाळाखाली गडप झाली होती, दगड दिसत नव्हते, म्हणून ते गाळ काढताना शेवटी बघू असं ठरलं. तेवढ्यात मावशीला कुणी सांगितलं की नातेपुत्याला एक हाडवैद्य आखडलेले सांधे मोकळे करतो. ती लेकीला घेऊन निघाली. एसटीत चढताना मला म्हणाली, "दगड सापडलं तर झाकून ठेव. मी आल्याबिगार हलवू नगंस."

त्यात माझ्या वरच्या साहेबांचा निरोप आला की पाहणी दोन दिवस अलीकडे येणार. मी गवंड्याच्या मागे लागलो. भिंत वर येऊन तिचा कठडा कमरेइतका आला होता, वरचे दोन-तीन थर राहिले होते. सकाळी मी येऊन बघतो तर बैठकीतला तोच म्हातारा त्या अर्ध्या कठड्यावर बसलेला, घोट्याला ताजा फुटलेला फोड, आणि तांब्याने पायावर पाणी ओततोय. पायावरचं पाणी कठड्यावरून ओघळून सरळ विहिरीत. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाला, "पायरी न्हाय तर न्हाय. देवी खाली हायच की. वरनं दावतो पाय."

मी संतापलो. तीन वर्षं, ती भाषणं, ती भिंत, आणि हा माणूस वर बसून पाय धुतोय. दुपारी मजूर जेवायला गेल्यावर गवंडी पाटी घेऊन माझ्याकडे आला. पाटीवर ओलं पोतं होतं. पोत्याखाली सात दगड. "गाळात सापडल्या," तो म्हणाला. "कुटं ठेवू?"

मी त्या पाटीकडे बघितलं आणि मला सगळं पुढचं दिसलं. मावशी येणार, वट्यावर दगड मांडणार, तो ओटा विहिरीला लागून, उतार विहिरीकडे. सगळं गाव वट्यावर येऊन पाय दाखवणार आणि पाणी पुन्हा आत. देव जिथं जातील तिथं हे पाय घेऊन जाणार. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. त्यात तथ्य होतं, नाही असं नाही. पण दगड मावशीच्या दारातही मांडता आले असते, तिथून पाणी विहिरीत गेलं नसतं. हे मला त्या दिवशी सुचलं नाही, कारण सुचायला नको होतं. मला राग आला होता, आणि तो त्या दगडांवर काढायचा होता.

"भिंतीत घाल," मी म्हणालो. "कठड्याच्या पोटात. वरून थर चढव, दिसायला नकोत."

"बेडरी, साहेब," तो म्हणाला. घाबरला की त्याचं कानडी बाहेर यायचं. "नको. बाईला काय सांगायचं?"

"बाईला मी सांगतो."

मग त्याने हात धुतले, फेट्याच्या टोकाने एकेक दगड पुसला, कपाळाला लावला, आणि सातही कठड्याच्या पोटात एका ओळीत, एकमेकींना खेटून बसवल्या. त्यांच्यावर सिमेंट टाकलं नाही, मऊ मातीचा थर दिला, आणि मग पुढचे दगड रचले. मी घड्याळाकडे बघत उभा होतो. त्या मातीमुळे त्या इतक्या वर्षांनी जशाच्या तशा निघाल्या, आणि आज गाव ज्याला चमत्कार म्हणतं तो त्या गवंड्याचा हात आहे.

मावशी पाहणीच्या दुसऱ्या दिवशी आली. हाडवैद्याने हात टेकले होते. लेक पाय ओढत मागून येत होती. पुरा झालेला कठडा बघून मावशी थांबली आणि माझ्याकडे वळली. मी तयारच होतो. "आसरा गाळात गेल्या, मावशी. उपसा करताना गाळ सरकला. लई शोधल्या, सापडल्या न्हायत."

ती रडली असती, भांडली असती, तर कदाचित मी खरं बोलून गेलो असतो. ती कठड्यावर हात ठेवून आत बघत राहिली. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पान्याच्या हुत्या, पान्यात गेल्या. तू तरी काय करनार?"

पुढच्या उन्हाळ्यात नारूची माणसं तुरळक दिसली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकही नाही. म्हातारासुद्धा पाय दाखवायचा बंद झाला, कारण दाखवायला फोडच उरला नव्हता. गावात कार्यक्रम झाला, मला हार घातला, फेटा बांधला, आणि दोन महिन्यांत माझी बदली झाली. मावशीने निरोप देताना दुहेरी शिवलेलं नवंकोरं गाळणं दिलं. "तुझ्या बायकुला दे," म्हणाली. "येत जा."

मी जात राहिलो. वर्षाला एकदा, दोन वर्षांतून एकदा, मंगळवेढ्याला काही काम काढून. दर वेळी ती मला कठड्यापाशीच भेटायची. उन्हं कलली की बाहेर येऊन कठड्याला पाठ टेकून बसायची, मंगळवारी-शुक्रवारी आत वाकून हात जोडायची. दहीभात नाही, कुंकू नाही, फूल नाही. पाण्यात काही टाकायचं नाही असं मीच सांगितलं होतं, आणि माझं सांगणं ती पाळत होती. नुसतीच आत बघायची. तिच्या पाठीला टेकलेल्या त्या कठड्याच्या पोटातच तिच्या साती आसरा होत्या, मधे एक वीतभर दगड. मी समोर बसून चहा प्यायचो आणि पावसापाण्याचं बोलायचो.

पहिली दोन-तीन वर्षं माझ्याकडे कारण होतं. सांगितलं आणि गावाने कठडा फोडला तर सगळं मुसळ केरात. पुढे नारू जिल्ह्यातूनच काय, देशातून गेला, गावात हातपंप आले, नळ आले, जारचं पाणी आलं, विहिरीचं पाणी प्यायचं बंद झालं. तेव्हा कारण उरलं नाही. त्यानंतरची सगळी वर्षं माझ्या भित्रेपणाची आहेत.

व्हिडिओ बघितल्यावर चार दिवसांनी तिथं कार्यक्रम होता. मी सकाळी एसटीने मंगळवेढा आणि तिथून वडापच्या जीपने गाव गाठलं. विहिरीवर मांडव होता, स्पीकर होता, डोक्यावर ते उडणारं कॅमेऱ्याचं यंत्र घोंघावत होतं. पायऱ्या खरंच सुंदर दिसत होत्या. मी त्या पहिल्यांदाच कोरड्या, स्वच्छ, उन्हात बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं की असं काही आपण बुजवलं. खालच्या पायरीवर सात दगड मांडलेले, शेंदूर ताजा. बाजूला फलक होता. त्यावर लिहिलं होतं की गावावर नारूचं संकट आलं तेव्हा साती आसरांनी स्वतः भिंतीत शिरून ते अडवलं. त्यात फडक्याचा, औषधाचा, गवंड्याचा उल्लेख नव्हता. माझा तर सोडाच.

एक बाई लेकराला कडेवर घेऊन खाली उतरली आणि तिने त्याचे पाय पाण्यात बुडवले. माझ्या तोंडून गेलं, "पाय बाहेर काढा आधी." मोठ्याने गेलं असणार, कारण दहा-वीस माणसं वळली आणि हसली. एक टी-शर्टवाला अदबीने म्हणाला, "काका, पाणी स्वच्छ आहे, काळजी करू नका." नारू आता नाही. तो मुलगा बरोबर होता. तरी त्या लेकराचे पाय बाहेर निघेपर्यंत मी तिथून हललो नाही.

मुलं वाईट नव्हती. कुणीतरी त्यांना सांगितलं की हे जुने आरोग्य खात्यातले, तर त्यांनी मला पुढे नेऊन बसवलं, नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणून माईक हातात दिला. समोर पहिल्या रांगेत खुर्चीवर मावशी होती. ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांना जाड चष्मा, अंगावर गावाने नेसवलेलं नवं हिरवं लुगडं. तिच्या भक्तीमुळे देवी परत आल्या म्हणून तिची ओटी भरली होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, गावाने वारसा जपला, आनंद वाटला, पाणी गाळून प्या. टाळ्या झाल्या. मी माईक परत दिला.

कार्यक्रम उरकल्यावर मी तिच्या घरी गेलो. लेक तिथंच असते, पन्नाशीच्या पुढची झाली, एक पाय सरळ ठेवून चालते. तिने जारमधून तांब्या भरला. जारच्या तोटीला फडकं बांधलेलं होतं, दुहेरी. मी ओसरीवर बसलो आणि यावेळी चहाची वाट न बघता सगळं सांगितलं. गवंडी, पाटी, ओलं पोतं, मी काय म्हणालो, त्याने कशा पुसल्या, कशा बसवल्या. गाळात गेल्या नव्हत्या हे सांगितलं. तू ज्या कठड्याला टेकून बसायचीस त्यातच होत्या हेही सांगितलं.

मी थांबल्यावर मावशी चष्मा काढून पदराने पुसत राहिली.

"त्या म्हाताऱ्यानं कठड्यावर बसून पाय दावला, म्हनून?"

"व्हय."

"मग बराबर केलंस. वट्यावर मांडल्या असत्या तर समदी तितंच पाय घिऊन आली असती." ती हे इतक्या सरळ म्हणाली की मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग तिने चष्मा घातला आणि लेकीकडे बघितलं. लेक उंबऱ्याशी पाय लांब करून बसली होती.

"पर मला का न्हाई सांगितलंस? मी काय भित फोडली असती व्हय? हिचा गुडघा तूच बघितला हुतास की. गावाला न्हाई सांगितलं असतं मी कवा. कठड्याच्या भाईरनं हात लावला असता त्यांला. तेवढंच. पानी गाळ म्हनलास, गाळलं. पाय घालू नगं म्हनलास, न्हाई घातला. फूल टाकू नगं म्हनलास, न्हाई टाकलं. मी तुझं समदं ऐकलं. तुला माझ्यावर इश्वास न्हवता."

मी तांब्यातलं पाणी प्यायलो. बाहेर विहिरीवर अजून गाणी चालू होती, बायका ओटी घेऊन पायऱ्या उतरत होत्या. मी तिला विचारलं, खाली दर्शनाला जाऊन आलीस का. ती म्हणाली, गुडघं चालत न्हाईत आता, एवढ्या पायऱ्या कोन उतरनार, आदी कठडा तरी हुता बसायला.

मी उठलो, वाकून नमस्कार केला. तिने डोक्यावर हात ठेवला, तो ठेवायचा असतो म्हणून. अंगणात येऊन चपला घालेपर्यंत मी रेंगाळलो. इतक्या वर्षांत मी निघालो की ती मागून म्हणायची, येत जा. त्या दिवशी म्हणाली नाही.